एकोणीस मिलिमीटर

बेंबळी
५ मार्च २०२५

आदरणीय नूरुन्निसा आपा,
अस्सलामु अलैकुम.

रोजा सुटायला अजून तासभर आहे, आठवीच्या चाचणीचे पेपर तपासून झाले आहेत, तेव्हा हा तास तुमच्यासाठी. घरात आपण आयुष्यभर दखनीत भांडलो आणि दखनीतच हसलो. पण अब्बांनी आपल्याला मराठी शाळेत घातले, त्यामुळे कागद समोर आला की दोघांनाही मराठीच सुचते.

तुमचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. राग मानू नका. फोनवर माणूस जे पहिले सुचेल ते बोलतो. पत्रात वाक्य पुसता येते, पुन्हा मांडता येते. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ही सोय फार मोलाची वाटते.

या वर्षी मी स्वतःवरच एक प्रयोग करायचे ठरवले आहे. विषय आहे सवय. वर्गातले उदाहरण देतो. शाळेचा शेवटचा टोल पडतो आणि त्याच क्षणी चाळीस हात दप्तरांकडे जातात. मी वाक्याच्या मध्यावर असलो तरी जातात. हे हात कुणी विचार करून हलवत नाही. टोल हा इशारा, दप्तर भरणे ही कृती, आणि मैदानावर धावत सुटणे हे बक्षीस. या तीन कड्या हजार वेळा जुळल्या की मधली कृती माणसाच्या हातात राहत नाही. मग उपाय काय? टोल बंद करता येत नाही. मैदानही काढून टाकता येत नाही. बदलायची असते ती मधली कडी! मला हे इतके सुंदर वाटते आपा, की आठवीच्या मुलांना सांगताना मी खडू हातात तसाच धरून उभा राहिलो.

प्रयोगाची सुरुवात झाली आहे. तिखट पूर्ण सोडले. भाकरी आमटीत चांगली कुस्करून, मऊ करून खातो. त्याने पचन सुधारते. बोलणे कमी केले आहे. तुम्ही नेहमी म्हणायच्या की आयुब गरजेपेक्षा दुप्पट बोलतो. तुमची ती तक्रार आता राहणार नाही. रमजान हा अशा प्रयोगाला सर्वांत अनुकूल महिना आहे. वर्षअखेर सगळी निरीक्षणे तुम्हाला लिहून पाठवीन.

जळकोटच्या बैठकीविषयी सविस्तर लिहायचे आहे. माझी मांडणी अजून पक्की झालेली नाही. तुमची भावजय अलिजा सलाम सांगते.

आपला धाकटा,
आयुब


धाराशिव
१५ मार्च २०२५

आयुबला दुआ. मोठी आहे म्हणून देते, मनातून येते म्हणून न्हाय.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. त्यात टोल आला, दप्तर आलं, भाकरी आली. माझी पोरगी कुठंच आली न्हाय. उम्मेहानी नाव आहे तिचं. तुझी भाची लागते.

ईदीचे कपडे शिवायला पडलेत, मशीन थांबवून लिहिते आहे. तुझी मांडणी पक्की झालेली नसंल तर माझी ऐक, ती त्याच दिवशी पक्की झाली.

तिचे अब्बा गेल्यावर हे स्थळ तू आणलंस. निकाहाआधी जळकोटच्या मुजफ्फरभाईंनी तुला जबान दिली की पोरगी नर्सिंगची तीन वर्षं पुरी करील, मगच कायमची सासरी येईल. खोलीत तुम्ही दोघंच होता. मी म्हणले, कागदावर घेऊ. तू मला हसलास. म्हणालास, "आपा, शरीफ माणसांत जबान पुरते." बरं. दुसरं वर्ष निम्मं झालं आन ते म्हणायला लागले की पुरे झालं शिक्षण. म्हणून सोळा फेब्रुवारीची बैठक.

आम्ही दोघी आतल्या खोलीत, पडद्याआड. मुजफ्फरभाई काय म्हणाले ते मला पाठ झालंय. "असं काही ठरलंच नव्हतं. विचारा की मामूंना. मास्तर माणूस खोटं बोलायचा न्हाय." उम्मेहानीनं माझं मनगट धरलं. आता मामू बोलतील. लग्नात बोलतो, मय्यतीत बोलतो, शाळेत माइक दिसला की मुख्याध्यापकाच्या आधी तू बोलतोस. आन तिथं? मूग गिळून बसलास. मी मनात वीसपर्यंत मोजलं. मग कुणीतरी म्हणालं, "मामू गप आहेत म्हणजे समजा काय ते." बैठक उठली.

फिरोजचं सोड. नवरा असून बापासमोर मान खाली घालून बसला. त्याच्याकडून मला आशाच नव्हती. तुझ्याकडून होती.

आता निरोप आलाय. तिसऱ्या वर्षाला नाव घातलं तर जळकोटचं दार बंद. पोरगी सकाळी वॉर्डात ड्यूटी करते, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसते. तुझा प्रयोग चांगला चाललाय ना? कमी बोलायचा? फेब्रुवारीतच पास झालास बाबा.

नूरुन्निसा


बेंबळी
८ एप्रिल २०२५

आदरणीय आपा,

तुमचे पत्र आल्यापासून मी तीन उत्तरे लिहिली आणि फाडली. हे चौथे.

ईदच्या दिवशी शेजारी शिरखुर्मा प्यायला गेलो होतो. त्यांनी मोठा चमचा दिला. तो दातांवर आपटला आणि तिथेच अडकला; आत गेला नाही. यजमान हसले, मीही हसलो, आणि वाटीने प्यायलो. दुसऱ्याच दिवशी धाराशिवला दातांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. तुमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतो. तुमच्याकडे आलो नाही.

आता नीट समजावून सांगतो. निरोगी माणसाने तोंड पूर्ण उघडले की त्याचीच तीन बोटे उभी आत मावतात. करून पाहा. डॉक्टरबाईंनी पट्टीने मोजले: माझ्या वरच्या आणि खालच्या दातांत एकोणीस मिलिमीटर. एक बोट, आणि वर थोडेसे. गालाच्या आतले अस्तर नव्या फुग्यासारखे असते, ताणाल तसे ताणते. तोच फुगा कुणी वर्षानुवर्षे उन्हात ठेवला तर? रबर राहते, ताण जातो. माझ्या गालांच्या आत पांढरट, दोरीसारखे पट्टे तयार झाले आहेत. जीभही पूर्वीसारखी बाहेर येत नाही. तिखट मी सोडलेले नाही आपा, तिखटाने तोंडात आग होते. भाकरी मी पचनासाठी कुस्करत नाही. ती दाताखाली धरण्याइतके तोंड वासत नाही. आणि फोन घेत नाही, कारण माझे बोलणे हल्ली तोंडात घोळते. तुम्ही पहिल्या वाक्याला ओळखले असते.

हे सुपारीने होते. जेवणानंतरची सुपारी तुम्हाला माहीत आहेच.

उपाय आहेत. गालात दर आठवड्याला इंजेक्शन, गोळ्या आणि व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरायची, आणि दिवसागणिक एकेक काडी वाढवत जायची. सध्या बारा बसतात. तेरावी सरकवली की डोळ्यांत पाणी येते. गालाच्या आतला छोटा तुकडा तपासायला पाठवला आहे. त्याचे नाव काढले की अलिजा उठून आत जाते.

आता तुम्हाला कळले असेल की त्या दिवशी मी का बोललो नाही. माझे तोंड उघडत नव्हते.

आपला,
आयुब


धाराशिव
२० एप्रिल २०२५

माझ्या आयुबला आपाची लाख दुआ.

पत्र वाचून मशीनवर डोकं ठेवून रडले. मी काय काय लिहिलं तुला! दोन गल्ल्यांवर येऊन गेलास आन मला दिसला न्हाईस, हे मला लई लागलं. पुढच्या इंजेक्शनला इथंच उतरायचं. खिमट करून ठेवते, तांदूळ-मुगाचं, पातळ. चमचा लहान देते.

तो तुकडा साफ निघू दे. रोज नमाजीनंतर तेवढंच मागते.

उम्मेहानीनं तुझं पत्र वाचलं. ती आता निम्मी डॉक्टरच झालीय ना! म्हणाली, "अम्मी, नुसत्या सुपारीनं इतक्या लवकर इतकं होत न्हाय. मामूंना विचार." मी तिला गप केलं. आजारी माणसाची उलटतपासणी करायची असते का?

मी आता सगळ्यांना सांगत सुटले आहे. माझा भाऊ गद्दार न्हाय, त्याचं तोंडच उघडत नव्हतं. जळकोटलापण सांगून पाठवलं. तर मुजफ्फरभाईंचं उत्तर काय? "चहा पिताना, माझ्याशी उसाच्या गप्पा हाणताना बरं उघडत होतं. बैठकीत कसं मिटलं?" बघ, लोक आजाऱ्यालापण सोडत न्हाईत. मी म्हणले, माझा आयुब शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवतो, तो मला खोटं लिहील?

तू फक्त एक कर. तुला बोलता येत नसंल तर लिहून दे. त्यांनी काय जबान दिली होती ती. कॉलेजात नाव घालायचे दिवस जवळ येताहेत.

आपा


बेंबळी
१३ जुलै २०२५

आदरणीय आपा,

तुमची मे महिन्याची आणि जूनची, दोन्ही पत्रे समोर आहेत. इंजेक्शनला धाराशिवला येत होतो आणि तुमच्या दारावरून परत जात होतो, तेही खरे. तुकड्याचा अहवाल मेमध्येच आला. कर्करोग नाही. पेशींमध्ये सुरुवातीचे बदल आहेत; दर तीन महिन्यांनी दाखवायचे आहे, आणि कारण थांबले नाही तर पुढे काय होईल ते डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून सांगितले. इतके स्पष्ट चित्र मी वर्गातही काढलेले नाही.

कारण थांबलेले नव्हते. ते कारण सुपारी नाही. गुटखा आहे.

एकदा लिहिले म्हणजे आता क्रमाने लिहिता येईल. अध्यापक विद्यालयात असताना पाठ घेण्याआधी छाती धडधडायची. खोलीतल्या एकाने पुडी दिली. धडधड थांबली, पाठ उत्तम झाला. इशारा, कृती, बक्षीस. एकवीस वर्षे झाली. राज्यात बंदी आली तेव्हा मला हायसे वाटले होते, की आता मिळणारच नाही. पण शेजारच्या राज्याची हद्द इथून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. दिवसाला आठ-नऊ. शाळेच्या प्रयोगशाळेत 'मोरचूद, विषारी' अशी चिठ्ठी लावलेली बरणी आहे. चिठ्ठी माझ्याच सुवाच्य अक्षरातली. पुड्या तिच्यात असतात, कारण त्या बरणीला मुले हात लावत नाहीत. दर ऑक्टोबरात व्यसनमुक्ती सप्ताह येतो, तेव्हा तंबाखूवरचे भाषण मीच करतो. आणि ते चांगले होते, कारण विषय मला आतून माहीत आहे. अलिजाला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. तिने मला एकदाच विचारले होते. मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही. तिने पुन्हा विचारले नाही.

आता सोळा फेब्रुवारी. मुजफ्फरभाई बरोबर बोलले. त्या दिवशी माझे तोंड बोलण्यापुरते नीट उघडत होते. चहा झाला, ते आत निरोप द्यायला गेले, मी अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन पुडी तोंडात टाकली. वाटले, बैठक सुरू व्हायला वेळ आहे. पण लगेच सगळे बसले, आणि पहिलाच प्रश्न माझ्याकडे आला. तोंड भरलेले होते. थुंकायला उठावे तर दहा माणसांतून जायचे. गिळावे तर ठसका. तसेच बोलावे तर लाल ओघळ हनुवटीवर, आणि बेंबळीचे सर काय खातात ते तालुक्याला कळणार. तुम्ही आत वीसपर्यंत मोजलेत. मीही मोजत होतो. माझी भाची एका बाजूला होती आणि माझी इभ्रत दुसऱ्या. मी ओठ मिटून ठेवले.

एप्रिलमध्ये तुम्हाला आजाराचे लिहिले त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि एकत्र मिळून ते खोटे होते. रमजानमध्ये दिवसभर सोडायचो आणि रोजा सुटल्यावर दिवसाची भरपाई करायचो. मेमध्ये एकोणीस दिवस सुटला. अहवाल आला त्या संध्याकाळी पुन्हा सुरू झाला. म्हणून गप्प होतो. आज नववा दिवस आहे.

मुजफ्फरभाईंनी दिलेल्या जबानीविषयी सविस्तर निवेदन, तारीख आणि सहीसह, सोबत जोडले आहे. ते त्यांच्यासमोर ठेवावे. त्यात पुडीचा उल्लेख केलेला नाही. विषयाशी त्याचा थेट संबंध नाही, आणि शाळेचा विचार करावा लागतो.

आयुब


धाराशिव
२४ जुलै २०२५

आयुब,

तुझा कागद परत पाठवते.

अक्षर चांगलं आहे. मुजफ्फरभाई तो वाचतील आन पहिला सवाल करतील, "हे त्या दिवशी का न्हाय बोलले?" त्याचं उत्तर कागदात न्हाय. मग तू म्हणशील आजार. ते म्हणतील चहा. तीन महिने मी दारोदार जाऊन तुझ्या तोंडाची गवाही दिली. शिवायला आलेल्या बायांना सांगितलं. मशिदीजवळच्या हकिमाला सांगितलं. पोरगी मला म्हणत होती विचार, विचार, आन मी तिच्यावर ओरडले.

विषयाशी थेट संबंध न्हाय म्हणतोस! सगळा संबंध तेवढाच आहे रे. एका पुडीपायी तिचं घर मोडायला आलंय, आन ती पुडी सोडून बाकीचं सगळं तू सहीनिशी देतोस.

तुला आजार आहे त्याचं मला दुःख आहे. ते बहीण म्हणून. उम्मेहानीची आई म्हणून मला तुझी दया येत न्हाय.

दहा ऑगस्टला, रविवारी, जळकोटला शेवटची बैठक आहे. त्यानंतर आठ दिवसांत कॉलेजात नाव घालायचं. यायचं असंल तर ये. आलास तर तोंडात काय होतं तेपण सगळ्यांसमोर सांग. न्हाईतर येऊ नको, घरात बसून सवयींवर लिही.

नूरुन्निसा


बेंबळी
१ ऑगस्ट २०२५

आदरणीय आपा,

येतो. तुमच्या शब्दांवर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही.

आयुब


धाराशिव
१७ ऑगस्ट २०२५

आयुबला दुआ.

बैठक संपली तसा तू चप्पल घालून फाट्यावर गेलास. पाणीपण प्याला न्हाईस. तुझ्यामागं आत आमच्याकडं काय झालं ते तुला माहीत नसणार, आन तुम्हा पुरुषांच्यात काय दिसत होतं ते मला माहीत न्हाय. मी नुसतं ऐकलं. ते लिहिते.

तुझा आवाज आधी ओळखूच आला न्हाय. तोंडात कापूस घालून बोलावं तसा. कुणीतरी खुसकन हसलं. मुजफ्फरभाई म्हणाले, "मास्तर, काय बोलता ते कळंना." तू पुन्हा बोललास. सावकाश, एकेक शब्द तोडून, वर्गात फळ्यावर लिहितात तसं. "मुजफ्फरभाईंनी तीन वर्षांची जबान दिली होती. मी मागच्या वेळी गप्प बसलो. माझ्या तोंडात गुटखा होता. लाज वाटली म्हणून बोललो नाही." मग कुणीच हसलं न्हाय.

आयुब, मी रागात होते तरी माझा हात आपोआप तोंडावर गेला.

मुजफ्फरभाई पुढं म्हणाले, "जो माणूस पोरांना एक सांगतो आन स्वतः दुसरं खातो, त्याची गवाही धरायची का?" आत आम्हाला वाटलं, झालं. संपलं. आन तेवढ्यात फिरोज बोलला. त्याचा आवाज मी लग्नापासून चारदा ऐकला असंल. म्हणाला, "अब्बा, त्या दिवशी मी दारात चपला काढत होतो. तुमची जबान मी ऐकली होती." मुजफ्फरभाई म्हणाले, "मग इतके दिवस का गप होतास?" तो म्हणाला, "मामूंच्या तोंडात पुडी होती. माझ्या तोंडात काहीच नव्हतं."

मुजफ्फरभाईंनी कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "घाला नाव." तेवढंच. चूक झाली असं न्हाय म्हणाले. म्हणणारपण न्हाईत.

तुला वाटंल आत आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडलो. न्हाय. उम्मेहानी उठून घडवंचीवरच्या गोधड्या नीट करायला लागली. नीटच होत्या. येताना एस.टी.त मला म्हणाली, "त्यांना सहा महिने लागले, अम्मी. मी रोज फोनवर त्यांच्यापुढं रडत होते." चौदा तारखेला तिनं नाव घातलं. त्यात ती खूश आहे. फिरोजचा फोन आला की बाहेर जाऊन बोलते, लवकर परत येते. पुढं काय होईल मला कळत न्हाय.

तुझ्या शाळेपर्यंत गोष्ट गेली म्हणं. काय झालं ते कळव.

आपा


बेंबळी
५ ऑक्टोबर २०२५

आदरणीय आपा,

होय, शाळेत गोष्ट माझ्याआधी पोहोचली. मी स्वतः मुख्याध्यापकांकडे गेलो, बरणी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "सर, अक्षर मात्र छान आहे तुमचं." लेखी समज मिळाली. दोन पालक आले होते. त्यांच्यासमोर उभा राहिलो. या वर्षीच्या सप्ताहात भाषण दुसऱ्या शिक्षकांनी केले. मी मागे, मुलांच्या रांगेशेजारी उभा होतो. ते चुकीची आकडेवारी सांगत होते. मी दुरुस्त केली नाही.

नववीतल्या एका मुलीने सुट्टीत विचारले, "सर, तुम्ही खायचा, मग आम्हाला का सांगायचा?" मी पुष्कळ समजावून सांगू शकलो असतो. म्हणालो, "तेव्हा मला वाटायचे की सांगितले म्हणजे झाले."

काड्या सोळा बसतात. डॉक्टरबाईंच्या मते गालातले पट्टे जाणार नाहीत. जेवढे मिळेल तेवढे टिकवायचे. उम्मेहानीला माझी दुआ सांगा. तिने मला माफ करावे असे तिला सांगू नका.

आयुब


धाराशिव
२१ डिसेंबर २०२५

आयुबला दुआ.

पोरगी परीक्षेला बसली. पेपर बरे गेले म्हणते. जळकोटला दोन दिवस जाऊन आली, फिरोज सोडायला आला होता, दारातच उभा राहिला. मी आत बोलावलं. तिनं न्हाय बोलावलं.

तुझी पत्रं येतात, त्यात काड्या असतात, मिलिमीटर असतात. मला एकच विचारायचंय आन उम्मेहानीपण तेच विचारते. तू खातोस का अजून? गोल गोल लिहू नको.

आपा


बेंबळी
२८ डिसेंबर २०२५

आदरणीय आपा,

वर्षअखेर निरीक्षणे पाठवीन असे मार्चमध्ये मी तुम्हाला लिहिले होते. आज सकाळी ती लिहायला बसलो. दोन पाने झाली. सवय तुटते म्हणजे नेमके काय होते, जुनी वाट मेंदूत पुसली न जाता कशी शिल्लक राहते, इशारा अचानक कुठून येतो, थंडीत तो का वाढतो, सगळे क्रमवार आले होते. उदाहरणेही चांगली होती. वाचून पाहिले. प्रत्येक वाक्य बरोबर होते, आणि ती दोन्ही पाने मी तुमच्या प्रश्नापासून दूर जाण्यासाठी लिहिली होती. ती फाडली आहेत.

मंगळवारी, तेवीस तारखेला, दुपारच्या सुट्टीत एक खाल्ली. त्याआधी एकशे अठ्ठेचाळीस दिवस नाही. जुलैत तुम्हाला नववा दिवस लिहिला, तोही पुढे मोडला होता. दहा ऑगस्टच्या बैठकीला आलो तेव्हा चौदावा दिवस होता. हे तेव्हा लिहायला हवे होते.

मंगळवारी कुणी पाहिले नाही. तोंडाला वास नव्हता, घरी येईपर्यंत चूळही भरली होती. अलिजा अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. मी तिला जाऊन सांगितले. तिने हातातली चादर घडी न घालताच माझ्याकडे दिली, आणि दुसरे टोक स्वतः धरले.

आता तुम्हाला सांगितले. उम्मेहानीला तुम्ही वाचून दाखवा.

आयुब